प्लायवूड चौकटीला खिळताना: सांध्याची ताकद खिळेकामावर कशी ठरते

लाकडाच्या चार पट्ट्या काटकोनात जोडून चौकट केली आणि तिचा वरचा कोपरा हाताने बाजूला ढकलला, तर ती फारसा विरोध न करता तिरपी होते. त्याच चौकटीवर प्लायवूडचे पॅनेल बसवून ते कडेने खिळले, की मग अंगातला सगळा जोर लावला तरी ती दाद देत नाही. नवशिक्याला ही सारी किमया प्लायवूडची वाटते. प्लायवूड आपल्या पातळीत अतिशय ताठ असते हे खरे, परंतु चौकटीवर आलेला जोर पॅनेलपर्यंत पोचवण्याचे काम खिळेच करतात. असा सांधा निकामी होतो तेव्हा पॅनेल मधोमध फाटलेले किंवा पट्टी मोडलेली क्वचितच आढळते. बहुतेक वेळा बिघाड खिळ्यांभोवतीच्या काही मिलिमीटरांत झालेला असतो.

कपाटाची पाठ, सामानाचा खोका, खोलीतील आडभिंत, छपराखालचे प्लायवूडचे आच्छादन या सगळ्यांना हे सारखेच लागू पडते. मी स्वतः केलेली पहिली मांडणी सहा महिन्यांत एका बाजूला कलली, तेव्हा मी तिच्या पाठीच्या प्लायला दोष दिला होता. पाठ सोडवून पाहिली तेव्हा एका बाजूच्या खिळ्यांपैकी जवळजवळ निम्मे खिळे उभ्या फळीच्या कडेत शिरलेच नव्हते. ते तिला नुसते चाटून गेले होते. प्लाय पूर्णपणे शाबूत होते. पुढील मार्गदर्शन अशा चुका सुरुवातीलाच टाळता याव्यात यासाठी आहे, आणि ज्या क्रमाने काम करायचे त्याच क्रमाने ते मांडले आहे.

खिळा सांधा कसा धरतो

खिळ्यावर दोन प्रकारचा जोर येतो. पहिला जोर त्याला त्याच्या लांबीच्या दिशेने बाहेर उपसतो. वारा छपराचे पॅनेल वर ओढतो तेव्हा असे घडते. दुसरा जोर खिळ्याला आडवा असतो. चौकट तिरपी होऊ पाहते आणि पॅनेल तिला अडवते, तेव्हा खिळ्याचा वरचा भाग एका दिशेने आणि लाकडात रुतलेला भाग विरुद्ध दिशेने ढकलला जातो.

उपसणाऱ्या जोराला खिळा केवळ घर्षणाने तोंड देतो. आत शिरताना तो लाकडाचे रेषे बाजूला सारतो आणि ते रेषे त्याच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी घट्ट आवळून धरतात. ही पकड लाकडाच्या घनतेवर फार अवलंबून असते. साध्या गुळगुळीत खिळ्यासाठी ती घनतेच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात वाढते असे अभियांत्रिकी आकडेमोडीत धरले जाते, म्हणजे ज्या लाकडाची विशिष्ट घनता (पाण्याच्या तुलनेतील घनता) ०.४२ आहे त्याच्या तुलनेत ०.५० घनतेचे लाकूड तोच खिळा सुमारे दीडपट घट्ट धरते. शिवाय ही पकड रेष्यांना आडव्या ठोकलेल्या खिळ्यालाच मिळते. पट्टीच्या कापलेल्या टोकात, म्हणजे रेष्यांना समांतर ठोकलेल्या खिळ्यावर उपसणारा जोर सोपवू नये, कारण तेथे खिळा रेष्यांच्या मधून वाट काढतो आणि त्याला आवळणारे फारसे काही उरत नाही.

आडव्या जोराचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. येथे खिळ्याची वाकण्याची ताकद आणि त्याच्या दांड्याखाली चिरडल्या जाणाऱ्या लाकडाची ताकद या दोन्ही एकाच वेळी कामाला येतात. डेन्मार्कमधील अभियंते योहानसेन यांनी १९४९ मध्ये हे दोन घटक एकत्र धरून सांध्याची ताकद काढण्याची रीत मांडली, आणि आजही लाकडी बांधकामाच्या संहिता त्याच विचारावर उभ्या आहेत. नवशिक्याने त्यातून एवढेच घ्यावे की चांगला खिळलेला सांधा एकदम तुटत नाही. त्यातील खिळे हळूहळू वाकतात, लाकूड थोडे थोडे चिरडते, आणि या दोन्ही क्रियांत जोर खर्च होत राहतो. वाईट खिळेकामात खिळ्याला वाकण्याची संधीच मिळत नाही: त्याचे डोके पॅनेलमधून आरपार जाते, पॅनेलची कड फाटते, चौकटीचे लाकूड चिरते किंवा खिळा सुळकन बाहेर येतो. हे चारही बिघाड अचानक आणि कमी जोरात होतात, आणि चारही टाळणे ठोकणाऱ्याच्या हातात असते.

पहिली पायरी: लाकूड आणि पॅनेल पारखणे

चौकटीचे लाकूड शक्यतो वाळलेले असावे. ओल्या लाकडात खिळा सहज शिरतो, म्हणून नवशिक्याला ते आवडते. पण लाकूड वाळताना आक्रसते आणि खिळ्याभोवतीची पकड सैल होते. ओल्या लाकडात ठोकलेले, किंवा नंतर वारंवार भिजून वाळणाऱ्या लाकडातील गुळगुळीत खिळे आपल्या मूळ पकडीपैकी सुमारे तीन चतुर्थांश पकड गमावू शकतात. ओले लाकूड वापरण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर पुढे वर्णन केलेले वळेदार खिळे वापरावेत.

ज्या रेघेवर खिळे पडणार आहेत तेथे गाठ, चीर किंवा सालीचा भाग नाही हे पाहावे. गाठीजवळ रेषे वळलेले असतात, त्यामुळे खिळा एक तर वाकतो किंवा भलत्याच दिशेला निघतो.

पॅनेलच्या बाबतीत एक गोष्ट मनात पक्की असावी. प्लायवूडचे पापुद्रे एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागात, अगदी कडेजवळही, ठोकलेला खिळा ते सहसा चिरू देत नाही. मात्र त्याच प्लायवूडच्या जाडीत, म्हणजे जेथे पापुद्रे ओळीने दिसतात त्या कडेत ठोकलेला खिळा पापुद्रे एकमेकांपासून सोडवतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू किंवा कण दाबून केलेले बोर्ड, यांच्या कडा याहूनही नाजूक असतात. म्हणून खिळा नेहमी पॅनेलच्या पृष्ठभागातून जाऊन मागच्या भरीव लाकडात शिरला पाहिजे. पॅनेलच्या कडेने खिळा धरून ठेवावा अशी अपेक्षा करू नये.

दुसरी पायरी: खिळा निवडणे

नवशिके खिळा लांबीवरून निवडतात आणि जाडीकडे दुर्लक्ष करतात. ६३ मिलिमीटर लांबीचे दोन खिळे घ्यावेत, एक ३.३ मिलिमीटर जाड आणि दुसरा २.९ मिलिमीटर जाड. शेजारी ठेवले तर फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. घर्षणाची पकड जाडीच्या प्रमाणात असते, त्यामुळे तेथे बारीक खिळा सुमारे एक अष्टमांशाने कमी पडतो. परंतु गोल सळईची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते, आणि तेथे तोच बारीक खिळा जवळजवळ एक तृतीयांशाने दुबळा ठरतो. नकाशात जाड खिळा दाखवला असताना त्याच लांबीचा बारीक खिळा वापरणे ही काटकसर सांध्याला महागात पडते, आणि काम झाल्यावर नुसती डोकी पाहून ती ओळखताही येत नाही.

लांबीसाठी सोपा नियम असा की पॅनेल ओलांडून चौकटीच्या लाकडात खिळा त्याच्या जाडीच्या किमान दहापट आत गेला पाहिजे. १२ मिलिमीटरच्या प्लायमधून ६३ मिलिमीटरचा खिळा ठोकला तर ५१ मिलिमीटर लाकडात जातो, ३.३ मिलिमीटर जाडीच्या खिळ्याला ३३ मिलिमीटर आवश्यक असतात, म्हणजे येथे भरपूर जागा आहे. ६ मिलिमीटरच्या पाठीच्या प्लायला २५ मिलिमीटर लांब आणि १.८ मिलिमीटर जाड खिळा चालतो, कारण १९ मिलिमीटर आत जातात आणि गरज १८ मिलिमीटरांची असते. जुना सुतारी संकेत खिळा पातळ तुकड्याच्या तिप्पट लांब असावा असे सांगतो. जाड फळ्यांसाठी तो ठीक आहे, पण पातळ पॅनेलसाठी तो अपुरा पडू शकतो, म्हणून आत किती गेला हेच मोजावे.

दांड्याचा प्रकार कामावरून ठरवावा. ज्या सांध्यावर मुख्यतः आडवा जोर येणार आहे तेथे गुळगुळीत खिळा पुरेसा असतो. जेथे उपसणारा जोर आहे, किंवा लाकूड भिजणार आणि वाळणार आहे, तेथे दांड्यावर आडवी वळी असलेला खिळा घ्यावा. लाकडाचे रेषे त्या वळ्यांत अडकतात आणि घर्षण कमी झाले तरी खिळा निसटत नाही. काही खिळ्यांवर चिकट लेप असतो आणि तो ठोकताना वितळून पकड वाढवतो, परंतु मऊ लाकडात हा फायदा काही आठवड्यांतच बराचसा ओसरतो, म्हणून कायमच्या कामात त्यावर विसंबू नये. बाहेरच्या कामासाठी जस्ताचा जाड मुलामा दिलेले खिळे वापरावेत. तांबेयुक्त रसायनांनी संस्कारित केलेल्या लाकडात साधे लोखंड लवकर गंजते, तेथे गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळेच योग्य.

डोके रुंद, गोल आणि पूर्ण असावे. बिनडोक्याचा खिळा सजावटीच्या पट्टीला शोभतो, पण पॅनेल धरून ठेवायला डोकेच लागते.

खिळ्याऐवजी स्क्रू वापरला तर सांधा आपोआप अधिक मजबूत होईल, हा समज सर्वत्र आढळतो. उपसणाऱ्या जोरापुरता तो खराही आहे. परंतु जिप्सम बोर्डासाठी मिळणारे काळे स्क्रू कडक पोलादाचे असतात. आडवा जोर आल्यावर ते वाकण्याऐवजी कटकन तुटतात. भार घेणाऱ्या पॅनेलला ते वापरू नयेत.

तिसरी पायरी: आखणी

माझ्या मते या कामातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत फलदायी पायरी हीच आहे, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते.

दोन पॅनेल एकाच उभ्या पट्टीवर येऊन मिळतात असे समजू. पट्टीची रुंदी ३८ मिलिमीटर आहे. भिजल्यावर किंवा दमट हवेत पॅनेल फुगतात, त्यामुळे दोघांमध्ये सुमारे ३ मिलिमीटरची फट सोडावी लागते. उरलेले ३५ मिलिमीटर दोघांत वाटले तर प्रत्येक पॅनेलला टेकायला अवघे साडेसतरा मिलिमीटर मिळतात. खिळा पॅनेलच्या कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत असावा असा सर्वमान्य नियम आहे, कारण त्याहून जवळ ठोकला तर जोर आल्यावर पॅनेलची कड फाटून खिळा बाहेर निघतो. आता १० मिलिमीटर आत ठोकलेल्या खिळ्यापासून पट्टीची कड फक्त साडेसात मिलिमीटरांवर उरते. खिळा आणखी थोडा आत सरकला किंवा जरासा तिरका गेला, तर तो पट्टीच्या कडेला चिरतो किंवा तिला चुकून पलीकडे निघतो. एका बाजूला पॅनेल फाटण्याचा धोका आणि दुसऱ्या बाजूला पट्टी चुकण्याचा धोका, या दोहोंमधली ही वाट काही मिलिमीटरांचीच आहे, आणि डोळ्याच्या अंदाजाने ती सापडत नाही.

म्हणून प्रथम पॅनेल बरोबर पट्टीच्या मध्यावर टेकले आहे याची खात्री करावी. त्यानंतर प्रत्येक कडेपासून १० मिलिमीटरांवर पेन्सिलीने, किंवा लांब कड असल्यास खडू लावलेली दोरी ताणून, रेघ मारावी. मधल्या पट्ट्या पॅनेलखाली झाकल्या जातात; त्यांच्या मध्यरेषा पॅनेल ठेवण्यापूर्वीच चौकटीच्या वरच्या आणि खालच्या टोकांवर खुणा करून ठेवाव्यात आणि नंतर पॅनेलवर उतरवाव्यात. यात दहा मिनिटे जातात, पण चुकलेले खिळे उपटून पुन्हा ठोकण्यात त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो, आणि उपटलेल्या खिळ्याचे भोक पॅनेलमध्ये कायमचे राहते.

खिळ्यांमधील अंतर हे आखणीचेच दुसरे अंग आहे. भिंतीच्या किंवा छपराच्या पॅनेलसाठी सामान्यतः कडांवर १५० मिलिमीटर आणि मधल्या पट्ट्यांवर ३०० मिलिमीटर अंतर ठेवतात. हा भेद मनमानी नाही. चौकट तिरपी होऊ पाहते तेव्हा जोर पॅनेलच्या परिघावरून वाहतो; मधले खिळे मुख्यतः पॅनेलला फुगून बाहेर येण्यापासून रोखतात. म्हणून कडेचा एक खिळा गाळणे आणि मधला एक खिळा गाळणे या सारख्या चुका नाहीत. छपरावर वाऱ्याचे ओढणे कोपऱ्यांत आणि कडांवर सर्वांत अधिक असते, त्यामुळे तेथे अंतर आणखी कमी ठेवतात. अंतिम आकडा नेहमी नकाशातला किंवा स्थानिक संहितेतला धरावा.

अंतर निम्मे केले की ताकद दुप्पट होते का? जवळजवळ होते, पण पूर्ण नाही. प्रचलित तक्त्यांत १२ मिलिमीटरच्या आसपासच्या पॅनेलसाठी कडेचे अंतर १५० वरून ७५ मिलिमीटर केल्यास भिंतीची आडवी क्षमता सुमारे १.९ पट धरली जाते. त्याहून खिळे दाट करत गेले की चौकटीचे लाकूडच रेष्यांच्या दिशेने चिरू लागते. म्हणून दाट खिळेकाम असेल तेथे पॅनेल जुळण्याच्या जागी अधिक रुंद पट्टी घेतात आणि खिळे एकाच सरळ ओळीत न ठोकता डावीकडे उजवीकडे थोडे हलवून ठोकतात, म्हणजे सगळे खिळे एकाच रेष्यावर पडत नाहीत.

चौथी पायरी: नमुन्याचे तीन सांधे

खऱ्या कामाला हात घालण्यापूर्वी त्याच लाकडाचे, त्याच प्लायचे आणि त्याच खिळ्यांचे तीन छोटे सांधे करून ते हाताने तोडून पाहावेत. प्रत्येक सांध्यासाठी हातभर लांबीची एक पट्टी आणि वीतभर रुंदीचा प्लायचा तुकडा पुरतो. पहिल्यात दोन खिळे कडेपासून १० मिलिमीटरांवर, डोके पृष्ठभागाशी बरोबर टेकेल असे ठोकावेत. दुसऱ्यात तेच खिळे तितक्याच अंतरावर, पण डोके ३ ते ४ मिलिमीटर आत रुतेपर्यंत ठोकावेत. तिसऱ्यात डोके बरोबर टेकवावे, पण खिळे कडेपासून ४ मिलिमीटरांवर घ्यावेत.

पट्टी शिकंज्यात घट्ट आवळून प्लायच्या तुकड्याला पट्टीपासून दूर, त्याच्या स्वतःच्या पातळीत ओढावे किंवा हातोडीने हळूहळू ठोकत सरकवावे. पहिला सांधा बराच वेळ चिवटपणे टिकेल आणि खिळे वाकलेले दिसतील. दुसऱ्यात डोके प्लायमध्ये बुडत जाऊन आरपार निघेल. तिसऱ्यात प्लायच्या कडेचा लहानसा तुकडा फाटून खिळा मोकळा होईल. डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा. हे तीन तुकडे फेकून न देता कामाच्या जागी ठेवावेत, कारण नंतर कोणाला शिकवताना ते फार उपयोगी पडतात.

पाचवी पायरी: ठोकणे

पॅनेल जागेवर धरून प्रथम दोन कोपऱ्यांत एकेक खिळा अर्धवट ठोकावा, गुण्या लावून काटकोन तपासावा आणि मगच पुढे जावे. एका कडेकडून सुरुवात करून दुसऱ्या कडेकडे जावे. चारही कोपरे आधी पक्के करून नंतर मध्य ठोकला तर पॅनेल मध्यभागी फुगलेले राहते. पॅनेल पट्टीला पूर्ण टेकले आहे याची प्रत्येक खिळ्यापूर्वी खात्री करावी. दोहोंमध्ये फट असेल तर खिळ्याचा तेवढा भाग उघडा राहतो आणि आडवा जोर आल्यावर तो फारच लवकर वाकतो. खिळा पॅनेलला ओढून फट मिटवेल अशी आशा धरू नये. हाताने किंवा गुडघ्याने दाबून फट आधी मिटवावी.

खिळा पृष्ठभागाला काटकोनात ठेवावा. लाकूड कठीण असेल किंवा पट्टीच्या टोकाजवळ ठोकायचे असेल तर आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे. साधारण लाकडात भोक खिळ्याच्या जाडीच्या तीन चतुर्थांशाहून मोठे नसावे, म्हणजे ३.३ मिलिमीटरच्या खिळ्याला सुमारे अडीच मिलिमीटर; फार घन लाकडात ते नऊ दशांशापर्यंत चालते. असे भोक पाडल्याने सांधा कमजोर होतो हा समज चुकीचा आहे. चिरलेल्या लाकडातला खिळा जवळजवळ काहीच धरत नाही, त्यामुळे चीर टाळणारे भोक सांध्याच्या फायद्याचेच असते. भोक पाडण्याचे साधन जवळ नसेल तर खिळ्याचे टोक हातोडीने किंचित बोथट करावे. तीक्ष्ण टोक रेषे फाकवते आणि बोथट टोक ते तोडत जाते, त्यामुळे चीर कमी पडते, मात्र पकडही काहीशी घटते.

आता खोलीकडे येऊ, कारण खिळेकामाचा दर्जा सर्वांत अधिक येथेच बिघडतो. डोके पॅनेलच्या पृष्ठभागाशी बरोबर टेकले पाहिजे. ते वर राहता कामा नये आणि आतही रुतता कामा नये. वर राहिलेले डोके पुन्हा एक घाव घालून बसवता येते, पण रुतलेले डोके परत वर आणता येत नाही. रुतताना डोके प्लायवूडचा वरचा पापुद्रा कापते, म्हणजे पॅनेलचा बाहेरचा थर नेमका खिळ्यापाशी तुटतो. शिवाय १२ मिलिमीटरच्या पॅनेलमध्ये डोके ३ मिलिमीटर रुतले तर डोक्याखाली ९ मिलिमीटरच उरतात, म्हणजे पैसे जाड पॅनेलचे मोजले आणि सांधा पातळ पॅनेलचा मिळाला. जोर आल्यावर अशा जागी डोके आरपार जाते आणि वर सांगितलेले हळूहळू वाकणे घडतच नाही. नवशिक्याला मात्र रुतलेले डोके अधिक घट्ट वाटते आणि दिसायलाही ते नीटनेटके असते. हा गैरसमज कामाच्या अगदी पहिल्या दिवशी मोडावा.

हातोडीने ठोकताना शेवटचे दोन घाव हलके घालावेत. नेलगन वापरत असल्यास तिचा दाब आणि खोलीचा पेच दोन्ही टाकाऊ तुकड्यावर तपासून लावावेत, आणि दाब किंचित कमीच ठेवावा, म्हणजे डोके एखादा मिलिमीटर वर राहील आणि हातोडीच्या एका घावाने बसेल. लाकडाची घनता एका पट्टीतही बदलते. गाठीजवळ खिळा वर राहतो आणि मऊ भागात रुततो, म्हणून एकदा लावलेला दाब दिवसभर योग्यच राहील असे मानू नये. ज्या गनचा खिळा केवळ टोक टेकल्याने सुटतो तिच्याऐवजी प्रत्येक वेळी टोक टेकवून मग घोडा दाबावा लागतो अशी गन शिकाऊ व्यक्तीने वापरावी. अपघात त्यामुळे कमी होतातच, शिवाय खिळाही अचूक जागी पडतो.

गन वापरणाऱ्याची आणखी एक अडचण असते. हातोडीने ठोकताना खिळा पट्टीला चुकला तर हाताला लगेच कळते, कारण शेवटचे घाव पोकळ लागतात आणि खिळा अचानक सहज आत जातो. गनमध्ये प्रत्येक खिळ्याचा आवाज आणि धक्का जवळपास सारखाच असतो, त्यामुळे चुकलेला खिळा वरून अगदी बरोबर दिसतो. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळल्यानंतर उद्ध्वस्त घरांची पाहणी झाली, तेव्हा उडालेल्या छपरांच्या आच्छादनात आधाराच्या लाकडाला चुकलेले अनेक खिळे आढळले. पॅनेल होते, खिळेही होते, पण त्यांच्या टोकांनी लाकूड धरलेले नव्हते.

पातळ खोक्यांच्या किंवा फळ्यांच्या दारांच्या कामात खिळा मागून बाहेर येत असेल, तर ती संधी मानावी. बाहेर आलेले टोक रेष्यांना आडवे मुडपून सपाट बसवल्यास वाळलेल्या लाकडात उपसण्याविरुद्धची पकड न मुडपलेल्या खिळ्यापेक्षा ४५ ते १७० टक्क्यांनी वाढू शकते. रेष्यांच्या दिशेने मुडपले तर हा लाभ थोडा कमी मिळतो.

सरस आणि खिळे दोन्ही वापरायचे असतील तर सरस वाळेपर्यंत दोन पृष्ठभाग दाबून ठेवणे हे खिळ्यांचे मुख्य काम असते. अशा वेळी अंतराचे नियम सैल करण्याचा मोह होतो. पॅनेल सर्वत्र सारखे दाबले गेले नाही तर सरसाचा थर जाड राहतो आणि सरस आपली ताकद दाखवत नाही, म्हणून येथेही खिळे आखलेल्या रेघेवर आणि ठरलेल्या अंतरानेच पडावेत.

सहावी पायरी: तपासणी आणि दुरुस्ती

रंग, जिप्सम बोर्ड किंवा कौले चढण्यापूर्वी तपासणी करावी. नंतर ती करता येत नाही. प्रथम मागच्या बाजूने पाहावे. पट्टीच्या शेजारी चमकणारे खिळ्याचे टोक दिसले की तो खिळा चुकलेला समजावा आणि त्याच्या शेजारी, किमान दोन बोटे अंतरावर, नवा खिळा ठोकावा. जुना खिळा पकडीने काढून त्याच भोकात थोडा तिरका ठोकण्याची सवय लावून घेऊ नये.

नंतर समोरून प्रत्येक कडेवर नजर फिरवावी आणि रुतलेली डोकी मोजावीत. अमेरिकेतील इंजिनिअर्ड वूड असोसिएशनने, जी एपीए या नावाने ओळखली जाते, यासाठी व्यवहार्य नियम दिला आहे. पॅनेलच्या परिघावरील २० टक्क्यांपर्यंत खिळे सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत रुतलेले असतील तर ते तसेच सोडता येतात. त्याहून अधिक खिळे रुतलेले असतील, किंवा एखादाही ३ मिलिमीटरहून खोल गेला असेल, तर रुतलेल्या दर दोन खिळ्यांमागे एक जादा खिळा ठोकावा. जादा खिळा ठोकताना तो आधीच्या खिळ्यांना इतका चिकटू नये की पट्टी चिरेल. पावसात भिजून प्लाय फुगल्यामुळे डोकी खोल गेल्यासारखी दिसत असतील तर तो ठोकण्याचा दोष नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

पट्टीत चीर दिसली तर चिरेतील खिळे मोजणीत धरू नयेत. त्या पट्टीला शेजारून दुसरी पट्टी जोडावी आणि पॅनेल नव्या पट्टीत खिळावे.

काम ओल्या लाकडात झाले असल्यास काही महिन्यांनी, लाकूड वाळल्यावर, जेथे हात पोचेल तेथील डोकी बोटाने चाचपून पाहावीत. लाकूड आक्रसल्यामुळे जी डोकी वर आलेली असतील ती नुसती ठोकून बसवल्यास काही दिवसांत पुन्हा वर येतात, कारण खिळ्याचे भोक आता सैल झालेले असते. त्यांच्या शेजारी वळेदार दांड्याचा नवा खिळा ठोकून मगच जुने डोके खाली बसवावे.